दहा बाय वीस

बाजार समितीच्या मतदानाला उरले होते नऊ दिवस,
आणि सरहद्दीवर दोन्ही फौजा समोरासमोर येऊन झाले होते एकवीस.
आकडे पाठ आहेत, कारण त्या पंधरवड्यात
कवठेमहांकाळात माझं मशीन थंड झालंच नाही.

तात्यासाहेबांचा उत्तम रात्री साडेनवाला आला.
मावा थुंकून म्हणाला,
"दहा बाय वीसचे चार.
'एक इंचही माघार नाही' असं घे.
डावीकडं तात्या, उजवीकडं जवान.
जवान जरा बारका."

"आणि बेदाण्याच्या दराचं?
गेल्या खेपेला तेच होतं की,
दर, तूट, कोल्ड स्टोरेजचं भाडं."
"त्ये ऱ्हाऊ दे. आता देश."

अकराला विरोधी पॅनेलचा माणूस.
त्यांना दोन जवान हवे होते
आणि जमलं तर एक तोफ.

नेटवरून एक उतरवला. भुवयांवर बर्फ, नजर लांब.
तात्यांच्या खांद्यामागं बसवला,
कडा मऊ केल्या, पाठीशी झेंडा सोडला.
पहाटे चारला चौकात चढवला.

सातला सुभेदार माळी सायकल टेकवून दुकानात.
"पोरा, ह्यो आपला न्हवं.
बिल्ला बघ. बंदूक बघ. ह्यो त्यांचा हाय."

स्क्रीनवर मोठा केला. आणखी मोठा.
चेहऱ्याचे चौकोन झाले, तपकिरी, करडे,
एकाही चौकोनावर देश लिहिलेला नव्हता.

उत्तमला फोन लावला. तो गप्प. मग,
"कुणाच्या ध्यानात आलंय?"
"सुभेदारांच्या."
"त्येंचं मत कुणाला?"
"विचारलं नाही."
"मग बिल्ल्यावर आपलं चिन्ह चिकटव."

भर दुपारी शिडीवर चढून
मी शत्रूच्या छातीवर कपबशी लावली.
खाली दोन रिक्षावाले टाळ्या वाजवत होते.

तिकडंही असेल एखादं दुकान,
पंखा खडखडणारा, मालक उधारीला वैतागलेला,
आणि त्यांच्या कुणा तात्याशेजारी
आपलाच एखादा शेंडगे नाहीतर पवार
चुकून उभा असेल, जरा बारका.

दिगंबर शेंडगे आमच्या बाकावरचा.
रेंज आली की फोन करतो.
म्हणाला, "समोरचा रोज सकाळी कढई घासतो,
आमचा गंगाधर घासतो त्याच वेळेला.
आवाजावरनं कळतं, आज त्यांच्याकडं काय करपलं.
वरनं निरोप आला की दोघं ताठ.
दिल्लीत काय असलं की आमची चहाची वेळ बदलते,
त्यांच्याकडं काय असलं की त्यांची."
मग खोकला. मग,
"बाजार समितीचं काय? तात्या येतोय का?"
मी कपबशीचं सांगितलं नाही.

तात्या सहा मतांनी आले.
तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या तळाच्या पट्टीवर सरकून गेलं:
दोन्ही बाजू पूर्वीच्या जागी परतणार.
किती इंच, ते कुणी मोजलं नाही.
फटाके आधीच संपले होते.
दिगंबरची रजा मात्र तशीच अडकली,
आणि माझे चार फ्लेक्सचे पैसेही. उत्तम फोन उचलत नाही.

एप्रिलात अवकाळी आला, तेव्हा
दहा बाय वीसला भाव आला.
चौकातला सोपान कोळेकरनं नेला,
बेदाण्याच्या शेडवर उताणा बांधला,
तात्यांची बाजू दुमडून आत.

बिल मागायला म्हणून गेलो होतो कुणाकडं तरी,
पाऊस लागला, त्या शेडमध्ये थांबलो.
कपबशी केव्हाच गळून पडलेली.
उजेड वरनं झिरपत होता, आणि
जवान खालून उलटा दिसत होता, डावखुरा,
त्याच्या तोंडावर पाणी साचून फुगा आलेला.

कोळेकरची आई बेदाणा निवडत होती.
तिनं काठीनं तो फुगा हळूच वर ढकलला,
पाणी बाजूला सांडलं.
"कुणाचं हाय रं ह्ये?" म्हणाली,
"गारठलंय बघ पोरगं."