पावकी

पहाटे तीनला गराजात बंदूक उडाली.
हेरंब बॅट घेऊन खाली गेला,
मी त्याच्यामागे फोन घेऊन.
चोर नव्हता. दाराच्या वर, दांड्यावर,
स्प्रिंग मधोमध तुटून दोन बोटं फाकली होती,
आणि पाचला माझी डायलिसिसची ड्युटी,
गाडी आत, बाहेर डुलूथचा जानेवारी, उणे बावीस.

दोघांनी मिळून दार उचलून पाहिलं.
गुडघ्याएवढं आलं. पुढे नाही.
चौदा वर्षं मी ते एका बटणावर उघडत होते,
वजन कोण पेलतंय, कधी विचारलं नाही.

हेरंबची योजना तयार: स्प्रिंग आणू, आपणच बसवू,
हा बघ स्क्रूड्रायव्हर, भोकात बरोब्बर जातो.
नवाला रेइनो लाह्टी आला, साठी उलटलेला,
हवापाण्याच्या गप्पा न मारणारा.
त्यानं फक्त हातमोजा काढला.
उजव्या हाताची दोन बोटं पेरापाशीच संपलेली.
'अठ्ठ्याऐंशी साल,' तो म्हणाला, 'स्क्रूड्रायव्हर.'
हेरंबनं आपला खिशात ठेवला, टोक खाली करून.

मग मोजमाप.
दहा वेढे चिकटून होते तिथे टेप लावली: अडीच इंच,
म्हणजे तार पाव इंचाची.
आतला व्यास दोन. लांबी, दोन्ही तुकड्यांची बेरीज.
दार बाथरूमच्या काट्यावर टेकवलं: एकशे सत्तर पौंड,
जुनं लाकूड, त्यावर मागच्या मालकाचे रंगाचे चार हात.
'डावीकडे बसते ती उजव्या पिळाची,' रेइनो म्हणाला,
'उलटी आणलीत तर आणलीत तशी परत न्याल.'

साधी घेतली तर दहा हजार वेळा उघडमीट.
दिवसाला चार धरा, सात वर्षं.
दुसरी लांब, जाड तारेची, पंचवीस हजार. पैसे जास्त.
'या घरात किती वर्षं राहणार?'
कानामागची पेन्सिल काढत त्यानं विचारलं,
जसं कुणी विचारावं, दूध अर्धा लिटर की एक.

गराजात कुणीच बोललं नाही.
'आता दोनच वर्षं', हे आम्ही
सांगलीला फोनवर चौदा वर्षं सांगत आलोय.
हेरंब दाराकडे बघत राहिला. दाराला खिडकी नाही.
मी हिशोब केला, पंचवीस हजार भागिले चार,
भागिले तीनशे पासष्ट. सतरा.
त्यात माझं वय मिळवलं.
'लांबवाली,' मी म्हटलं.

त्यानं मोटरचा प्लग काढला,
रुळावर, चाकाच्या वर, पकड आवळली,
स्प्रिंगवर खडूची सरळ रेघ ओढली.
शिडी एका अंगाला, तोंड सळीच्या वाटेत नाही.
दोन पोलादी सळ्या: एक पूर्ण आत बसल्याशिवाय
दुसरी बाहेर नाही.
'मोजा,' तो म्हणाला. 'पाव पाव फेरा. तीस.
मधे मला काही विचारू नका.'

मी मोजायला तोंड उघडलं आणि पावकी निघाली.
एक पाव पाव, बे पाव अर्धा,
तीन पाव पाऊण, चार पाव एक.
इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात,
अप्पांनी ओरडून पाठ करून घेतलेली;
तेव्हाही शाळेत ती कुणी विचारत नव्हतं.
रेइनोला अक्षर कळलं नसेल,
पण सळी तालावर पडत होती.
प्रत्येक पावाला त्याची मान थोडी ताठ,
लोखंड दातओठ खात आवळत गेलेलं.
एकोणतीस पाव सव्वासात.
तीस पाव साडेसात.
'साडेसाती,' हेरंब पुटपुटला.
'स्क्रू आवळेपर्यंत गप्प बस.'

सरळ रेघेचे आता साडेसात पट्टे झाले होते,
तिरपे, गोल फिरत गेलेले.

पकड सोडली. रेइनोनं दार कमरेपर्यंत उचललं
आणि दोन्ही हात बाजूला घेतले.
वर गेलं नाही. खाली आलं नाही.
फटीतून गोठल्या सरोवराचा पांढरा उजेड
आमच्या चपलांपर्यंत आला.

तो गेल्यावर हेरंबनं एका बोटानं
दार वर ढकललं, मग खाली आणलं.
'एक,' तो म्हणाला.