झोपण्याआधीची झडती

टोर्ने नदी गोठली की
तायमी रोज रात्री दिवा जवळ ओढते
आणि वेइक्कोचे पाय मांडीवर घेते.

टाचा. घोटे. बोटांच्या बेचक्या.
आज डाव्या तळव्यात
बर्चच्या लाकडाची कूस,
भोवती पू धरलेला.
किती दिवस चालला हा तिच्यावरून?

त्याला मोज्याची लोकर कळते,
आईच्या बोटांची खरखर कळते;
जाड दोऱ्यांवरून ती खबर
धावत जाते मेंदूपर्यंत.
बारीक, रेंगाळत चालणारे जे दोरे
‘आई गं’ घेऊन निघतात,
ते त्याच्या अंगात विणायचेच राहून गेले.

शेजारीण म्हणाली होती,
नशीबवान पोर, रडत म्हणून नाही.
तेव्हा सौनाच्या भट्टीला हात टेकून
तो हसत उभा होता.
करपल्याचा वास
आधी तायमीला आला.

चिमट्यात कूस धरून ती ओढते.
तो वहीतला रेनडिअर रंगवत राहतो,
शिंगं निळी.
दाताखाली ओठ सापडतो तो तायमीचा.

“झालं?” तो मान वर न करता विचारतो.

ती दुसरा पाय हातात घेते.