ओदीलची वही

गावाबाहेर एक किलोमीटर रस्ता वीज काढायचा.
म्हणजे, काढेल असं म्हणाले होते.
नॉर्मंडीतलं सेंत-ओबार, वस्ती सहाशे बारा,
गायी त्याहून जास्त.

उद्घाटनाला पॅरिसहून माणसं आली.
काचेवरून चकचकीत बुटांनी इतकी जपून चालली
की खाली कुणी नुकतंच झोपलं असावं.
भाषणात म्हणाले, रस्ते नुसते पडून असतात
दिवसभर, आयत्या उन्हात.
आडोशाला उभे गवंडी एकमेकांकडे बघून हसले.
पडून असतात म्हणे!

मेअरच्या कचेरीत ओदील लकुस्ते कारकून.
मीटर तिच्या वाट्याला आला,
जसं खिडकीतलं जिरेनियम आलं होतं,
कुणी न विचारता.
सकाळी आठला लोखंडी पेटी उघडायची,
आकडा वहीत.

९ डिसेंबर. धुकं. जवळजवळ काही नाही.
१० डिसेंबर. धुकं. बिटाचे ट्रॅक्टर गेले. चिखल. काही नाही.
११ डिसेंबर. रकाना कोरा सोडू का, विचारलं.
नाही म्हणाले. शून्य लिहिलं.

मग बास्तियां यायचा, इंजिनियर,
गाडीत लॅपटॉप आणि खराटा.
पोरगा मूर्ख नव्हता.
तिला समजावताना त्यानं हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवला:
इथला सूर्य डोक्यावर येतच नाही, बाई,
मागच्या दाराने आल्यासारखा तिरका येतो.
पाठीवर पडून त्याला गाठता येत नाही.
जरा उठून बसावं लागतं त्याच्याकडे तोंड करून.
पंजा त्यानं तिरका उभा केला.
आणि उठून बसलेल्या रस्त्यावरून
गाडी कशी नेणार?
आधी हसला तोच.

उन्हाळा चांगला गेला, दुपारी दोनपर्यंत.
दोननंतर ओकची सावली.
झाडं तोडायचा विषय निघाला आणि मिटला,
कारण ती मेअरच्या आजोबांनी लावलेली.
ऑक्टोबरात त्याच झाडांची पानं,
पानांवर चाकं, चाकांखाली लगदा,
लगद्याखाली कुठेतरी ती महागडी काच,
डोळ्यांत साय धरलेल्या घोड्यासारखी.

आणि आवाज.
पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा.
वळणावरच्या ओग्यूस्त पॅन्शेंनी तक्रारीची अकरा पत्रं लिहिली,
वळणदार अक्षरात, निळ्या शाईने.
सहाव्या पत्रानंतर वेग सत्तरवर आणला,
वाटाणे जरा सावकाश पडू लागले.

एका संध्याकाळी बास्तियां
लमारियेंच्या गोठ्याकडे बघत उभा.
छप्पर लांबलचक, दक्षिणेकडे उतरतं,
वर ना झाड ना चाक.
काय बघतोस, लमारिये म्हणाला, गळत नाही ते.
बास्तियां काही बोलला नाही.
कॉफी गार झाली त्याची.

तिसऱ्या वर्षी चारशे मीटर उखडले.
पुढच्या वर्षी उरलेले.
वरून साधं काळं डांबर,
ज्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही.
त्यावर गाड्या बघा कशा जातात,
लोण्यातून सुरी.

मार्चमध्ये बारावं पत्र आलं.
ओदीलनं ते दोनदा वाचलं, मग दार लावून पुन्हा.
बाईसाहेब, पॅन्शेंनी लिहिलं होतं,
डोळे गेल्या हिवाळ्यापासून कामाचे नाहीत,
हे पत्र शेजारची मुलगी लिहिते आहे.
सिमोनची व्हॅन फाट्याशी वळली की कळायचं,
दुधाचं भांडं चुलीवर चढवायला तेवढा वेळ पुरायचा.
आता ती दारात उभी राहते आणि मी दचकतो.
गोदामात काही तुकडे पडून असतील
तर माझ्या फाटकासमोर दोन-चार मीटर टाकता येतील का?
विजेसाठी नको.

तिनं वही काढली.
शेवटचा आकडा होता त्याच्या खाली तारीख घातली,
धुकं नाही, असं लिहिलं,
आणि रकाना कोरा सोडला,
कुणालाही न विचारता.