डागी

चितारआळीतलं हे चौथं दुकान.
आधीच्या तिघांत पाट, पाळणे, गंजिफांचे डबे.
भावाला त्यातलं काय द्यायचं?
पत्ते तो खेळत नाही,
पाळण्याचं वय साठ वर्षांमागे राहिलं.

इथे परडीभर फळं. लाकडाची.
पेरू, सीताफळ, अर्धवट सोललेलं केळं,
आणि हापूस, असा
की हात आपोआप नाकाशी गेला.
वास रोगणाचा.

डॉक्टरांनी त्याचा आंबा तोडून दोन मे झाले.
हा दिला तर चेष्टा वाटेल.
खाली ठेवला. पुन्हा उचलला.

“ह्याला देठापाशी एक डाग काढाल?”
मेघश्याम चितारी चष्म्यावरून बघत राहिले.
“डाग? लोकां येचून बिनडागी नेतत, बाय.”

आढी उघडली की डागी तेवढे
तो स्वतःकडे ओढायचा,
“हेच गोड असतात” म्हणत.
चाळीस वर्षं
मला ते खरं वाटलं.

हे काही मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांनी बारीक कुंचला काळ्यात बुडवला,
टेकवला, फुंकर घातली. “वाळांदे.”
मी बाकड्यावर बसून राहिले.

कागदात गुंडाळताना
वीस रुपये कमी केले.
“डागी मां तो!”