थंड पाण्याची परीक्षा

इलोइलोच्या नौशाळेत, नदीकडच्या शेडमध्ये
एक बॉयलर होता,
जन्मात कधी समुद्र न पाहिलेला.
आमच्याआधीच्या बारा तुकड्यांनी त्याला पेटवलं, विझवलं,
त्याच्या पोटावर रंगाचे बारा थर.

वर्षातून एकदा सालसेदोबाई यायच्या.
केस पिकलेले, खिशात खडू,
हातात आंब्याच्या कोयीएवढी हातोडी.
आधी स्वतः मॅनहोलमधून आत शिरायच्या, कमरेपर्यंत,
आणि आतून त्यांचा आवाज यायचा
विहिरीतून यावा तसा:
"दिवा. अजून खाली. हं."

मग झाकण, बोल्ट, पाणी काठोकाठ.
"हवा आधी काढा. कोंडलेली हवा दगा देते."
मग हातपंप.
गुंबान आणि मी आळीपाळीने दांडा मारत होतो.
काटा सातवर आला, रोजचं ओझं.
बाई म्हणाल्या, "अजून."
आठ. नऊ. साडेदहा.
"आता अर्धा तास कुणी हात लावायचा नाही."

थंडच पाणी का, कुणीतरी विचारलं.
"पाणी दबत नाही, म्हणून उसळतही नाही.
याने फुटला तर तुझे बूट भिजतील.
वाफेने फुटला
तर बूटच सापडतील."
कुणी हसलं नाही.

त्या हातोडीने ठोके देत पुढे सरकत होत्या,
टण्, टण्,
मध्येच थांबून कान लावत,
शेजारच्या खोलीत कुणी जागं आहे का बघावं तसं.

तेव्हा मला तो दिसला.
खालची रांग, पाचवी नळी,
एक थेंब. पडायच्या बेतात.

शुक्रवारी कागदावर सही हवी होती.
सही नाही तर तास नाहीत,
तास नाहीत तर जहाज नाही.
एवढा सगळा विचार मी केला नाही.
बाहीने पुसला, बस.

बाईंनी काट्याकडे पाहिलं.
केसभर उतरला होता.
बॉयलरकडे वळल्याच नाहीत त्या.
म्हणाल्या, "बाह्या दाखवा."

एकोणीस जणांच्या बाह्या तेलकट, कोरड्या.
माझी ओली, आणि गंजाचा तांबूस डाग.

मी बोट दाखवलं.
तिथे नवा थेंब केव्हाच येऊन बसला होता,
मी नसल्यासारखा.

रागावतील असं वाटलं. त्यांनी खडू दिला.
"गोल काढ."
हात कापत होता, गोल अंड्यासारखा झाला.

वहीत त्यांनी लिहिलं:
गळती, खालची रांग, नळी पाच.
शोधली: पानेस.

तीस वर्षांच्या त्या वह्यांत
बहुधा ते एकच खोटं असेल,
आणि ते माझ्या नावावर आहे.

आता मी सेकंड इंजिनियर आहे.
रात्रीच्या फेरीला निघताना
दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडतो, घट्ट.
पोरं समजतात, उकडत असेल.