दांडीवर

टॉवरची लिफ्ट चालवतो मी, सत्तावीस वर्षं.
इथून वर सगळेच जातात.
लिफ्टनेच परत खाली आलेले
बोटांवर मोजण्याइतके.

तातू त्यातला.
डिसेंबरात पडला. टोकावरून सुटताना
वाऱ्याने डावी स्की उचलली, आणि मग
उतारावर हेल्मेट एकीकडे, पोरगा एकीकडे.
खांद्याचं हाड सहा आठवड्यांत सांधलं.
त्यापुढचं एक्स-रेत दिसत नव्हतं.

जानेवारीअखेर आला, दांडीवर बसला.
हिरवा दिवा लागला. विझला.
पेंतीने खालून दोनदा झेंडा पाडला.
पोराने मला विचारलं,
"तुमच्याबरोबर उतरलो तर चालेल?"

मग एक बाई येऊ लागल्या. हेल्का.
थर्मासात ब्लूबेरीचा कढत रस,
पिशवीत एक वही, तीही फारशी न उघडलेली.
मला वाटलं, आता मंत्र देतील:
तू वाघ आहेस, भीती मनाचे खेळ, वगैरे.
(पेंती तेच ओरडायचा. पोराच्या घशाला तेवढी कोरड पडायची.)

स्की खालीच ठेवायला लावल्या.
दोघं दांडीवर, शेजारी शेजारी.
"दहापैकी किती?"
"नऊ."
"कुठे?"
"पोटात. आणि जिभेखाली."
"असू दे. दिसतंय काय ते सांग."
"तळं." बराच वेळ नुसतं तळं.
"बर्फाला भोक पाडून बसलेला म्हातारा. निळी बादली.
आमच्या शाळेचं छप्पर."

दुसऱ्या दिवशी आठ. मग परत नऊ.
एकदा तर दहा, आणि थर्मास लाथेने उडाला,
उतारावरून एकटाच गेला, टोकावरून झेपावला.
बाई म्हणाल्या, "चांगला उडाला."
त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

लिफ्टमध्ये डोळे मिटून सराव करायचा,
गुडघे वाकवून, हात मागे.
एक उडी पुरी व्हायला अकरा सेकंद लागतात,
मी लिफ्ट तेवढी सावकाश सोडायला शिकलो.
"पडलो," म्हणायचा कधी, डोळे मिटूनच.
"मग?"
"पडलोय."
"बरं. मग?"
तळमजला यायचा. दार मी उघडत नसे.
"...उठतोय."

पेंतीने एकदा तिथेच गाठलं बाईंना:
"हा उडणार कधी?"
"ते तुमचं कोष्टक. रात्री दोन तास झोपायचा,
आता पाच झोपतो, हे माझं."
पुढे वरपर्यंत नुसती लिफ्ट बोलत होती.

मार्चात एका मंगळवारी स्की घेऊन आला.
"किती?"
"सहा."
"जाणार नाही कदाचित ती. बाजूला बसू दे.
स्की मात्र तिच्या पायात घालू नकोस."
हिरवा दिवा.
दांडी रिकामी.

माझ्या खोलीतून उतार दिसत नाही.
फळ्या टेकल्याचा आवाज ऐकू येतो, किंवा येत नाही.
आला.
एकाहत्तर मीटर. याहून लांब
इथली बारा वर्षांची पोरं उडतात.
पेंतीने फलक वाचला, टोपी काढली, परत घातली.
बाईंना नव्या थर्मासचं झाकण काही लागेना.
मी विचारलं, "दहापैकी किती?"
"आठ," म्हणाल्या. "हात बघा ना माझे."

आर्वोची गाडी बर्फातून खाली गेली
त्या हिवाळ्यापासून मी तळ्याला वळसा घालून घरी जातो.
अडतीस किलोमीटर जास्त. कुणी विचारलं तर
रस्ता चांगला आहे म्हणतो.

काल बर्फरस्ता सुरू होतो तिथे गाडी उभी केली.
इंजिन चालूच ठेवलं.
नऊ. मानेत, आणि तळहातांत.
काय दिसतंय?
तळं.
तळं.
पलीकडच्या घरांतले दोन दिवे.
आणि भोकाशेजारी, म्हातारा घरी जाताना विसरला असेल,
बादली.