शंकेच्या एक पाऊल आधी

एप्रिल संपत आला की ओताकर डबे बाहेर काढतो.
एक पांढरा, एक लाल.
झाकण खिळ्यानं उचकटायचं, रंगावर धरलेली साय काडीनं बाजूला सारायची.
या वर्षी डबे माझ्या पाठीवर.
त्याच्या गुडघ्यांनी हिवाळ्यातच राजीनामा दिलाय,
तरी तो येतो, निदान तिसऱ्या पुलापर्यंत,
खिशात पेन्सिलीचं थोटूक आणि कागदात गुंडाळलेला
लसणाची चरबी लावलेला पाव.

बीचला अजून पानं नाहीत.
ऊन फांद्यांतून थेट जमिनीवर उतरतं
आणि पांढरी रानफुलं घाईत आहेत.
वर पालवीचं छत मिटायच्या आत
त्यांना सगळं उरकायचंय: फुलायचं, बी धरायचं, मातीत जायचं.
"यांना ठाऊक असतं," ओताकर म्हणतो,
"दार किती वेळ उघडं राहतं."

आधी तासणीनं साल घासायची. फार नाही.
झाडाची खाज भागेल एवढीच.
मग तीन पट्टे, एकाखाली एक,
पांढरा, लाल, पांढरा,
हात थरथरू न देता.
त्याचा थरथरतो. म्हणून तो मागे उभा राहून
माझ्या हाताकडे बघतो,
स्वतःची जुनी सही कुणी दुसऱ्यानं करताना बघावी तसा.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, खूण नेमकी कुठे लावायची?
"माणसाला शंका येते ना, तिच्या एक पाऊल आधी.
सरळ वाटेला खुणा कशाला? तिथे पायांना कळतं."

दरीच्या उतारावर हॉर्नबीमची जुनी रांग.
एका खोडावर तासणी खर्रकन वाजली.
लोखंड.
सालीच्या आत काटेरी तार,
झाडानं ओठ मिटून गिळलेली,
एवढंसं टोक बाहेर.
खाली नदी, नदीपलीकडे दुसरा देश,
आणि चाळीस वर्षं जग या रांगेशी संपत होतं.
ओताकर तेव्हा दुधाची गाडी चालवायचा.
रात्री अंथरुणात त्याला नदी ऐकू यायची.
पाहिली मात्र वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.
कशी होती?
"गढूळ. आणि आवाजावरून वाटायची त्यापेक्षा अरुंद."

कुंपण निघालं त्या उन्हाळ्यात इथे वाट नव्हतीच.
तो आणि हेदविका रानडुकरांच्या मागावरून उतरले,
ती डबा धरायची, तो रंगवायचा,
आणि दोघं भांडायची, डुकरं बरोबर की नकाशा.

तिसरा पूल नाही.
मार्चच्या पुरानं नेला, आणि काठावरचा ओकही आडवा केला,
खूण असलेला.
आता लाल पट्टा पाण्याखाली हलतोय,
शांतपणे, प्रवाहाकडे तोंड करून.
"मासोळ्यांची सोय झाली," ओताकर म्हणाला,
दगडावर बसला, पावाचा कागद उलगडू लागला.
"नवी वाट तू शोध."

मी काठानं वर गेले, परत आले.
पुन्हा गेले, परकी होऊन,
आज पहिल्यांदाच आल्यासारखी,
शंका यायची वाट पाहत.
दोनदा आलीच नाही.
तिसऱ्यांदा, एका सपाट खडकाशी,
डावीकडे शिकाऱ्याच्या मचाणाचा चढ, उजवीकडे उथळ पाणी,
माझा पाय हवेत राहिला.

एक पाऊल मागे. तिथे एकच झाड:
कोवळा बीच, माझ्या मनगटाहून जरा जाड.
"फार बारीक आहे!" मी ओरडले.
खालून भरल्या तोंडानं उत्तर आलं,
"वाढेल!"

पट्टे जेमतेम मावले. लाल थोडा ओघळला, तसाच ठेवला.
आणि मग तो आला, काठी टेकत,
पुटपुटत, मान खाली घालून.
खडकाशी पोचला.
उगम ते संगम ही दरी तोंडपाठ असलेला माणूस
डावीकडे वळू लागला.
सोंग आहे की खरंच विसरला,
मी काही बोलत नाही.
हातात ओला कुंचला धरून उभी राहते.

तो थांबतो.
मान वर करतो.